बॅटरीचा लाल दिवा रात्री मंद पेटतो, डायनॅमो बदलायच्या आधी काय तपासू? (जुनी पेट्रोल गाडी, सोलापूर)

होटगीरोडची_ताई
नमस्कार मंडळी. वडिलांची २००५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, आता मीच चालवते. काही आठवड्यांपासून डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा रात्री मंद पेटलेला दिसतो. दिवसा दिसत नाही, म्हणजे पेटत असेलही पण आपल्या उन्हात कळत नाही. हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही लावले की जरा वाढतो, बंद केले की जवळजवळ जातो. रेस वाढवली तरी फार फरक नाही.

एका दुकानात दाखवलं तर त्यांनी बॅटरी गेलीय म्हणून नवी बसवून दिली. थोडे दिवस स्टार्ट छान झाली, मग परत सकाळी सेल्फ ओढत ओढत फिरायला लागला, दिवा तर पहिल्या रात्रीपासून होताच. आता दुसरीकडे म्हणतायत डायनॅमोच (इंजिनवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदला. आईला पुढच्या आठवड्यात पंढरपूरला न्यायचंय, परत येताना अंधार होणार. अशा गाडीनं जावं का, आणि डायनॅमोवर पैसे घालायच्या आधी घरी काय बघता येईल? भावाचा मल्टिमीटर आहे, व्होल्टेज मोजता येतं मला.

पार्कचौक_कट्टा
ताई अगोदर डायनॅमो फिरवणारा बेल्ट बघा की. बॉनेट उघडा, गाडी बंद करा, पट्टा अंगठ्यानं दाबा. एक सेंटीमीटरच्या आसपास दबला तर ठीक, लोंबतोय तर तिथंच रोग. आतली बाजू चकाकत असेल तर घसरलालाय म्हणायचं. सकाळी चालू केल्या केल्या ची ची आवाज येतो का?

होटगीरोडची_ताई
आवाज अजिबात नाही. पट्टा गेल्या सर्व्हिसिंगला नवीन टाकलाय, आत्ता दाबून बघितला, ताठ आहे.

निवृत्त_वायरमन
ताई, त्या दिव्यावर बॅटरीचं चित्र असल्यामुळं सगळे बॅटरीकडं धावतात, पण तो बॅटरी चांगली की वाईट हे सांगतच नाही. त्या दिव्याचं एक टोक इग्निशनच्या चावीकडून येतं, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, आणि दुसरं टोक डायनॅमोच्या एल टर्मिनलला जातं. चावी ऑन केली नि इंजिन बंद असलं की बॅटरीकडून दिव्यातून करंट डायनॅमोच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीत जातो, दिवा पूर्ण पेटतो आणि तेवढ्याच करंटनं रोटरचं चुंबक जागं होतं. इंजिन फिरलं, डायनॅमोनं वीज द्यायला सुरुवात केली की दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज येतं, मग करंट वाहायला जागाच उरत नाही आणि दिवा विझतो.

आता तुमचा दिवा मंद पेटतो म्हणजे दोन टोकांत थोडा फरक राहिलाय. डायनॅमोकडचं कमी असेल तरी पेटणार, बॅटरीकडचं कमी असेल तरी पेटणारच, बल्बला दिशा कळत नाही. लोड वाढवला की दिवा वाढतो ही तुमची खूण मला फार महत्त्वाची वाटते. डायनॅमो काढायची घाई करू नका. आधी एवढं मोजून इथं टाका: रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांत किती, मग इंजिन चालू करून काहीही न लावता किती, मग हेडलाइट नि ब्लोअर फुल लावून किती. आणि चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा दिवा ठळक पेटतो का तेही सांगा.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
एवढं मीटरबिटर कशाला. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीचा मायनस काढायचा. बंद पडली तर डायनॅमो गेला, चालू राहिली तर चांगला. आमच्याकडं सगळे मिस्त्री असंच बघतात.

तारजोड
नको नको ताई, हे कृपा करून करू नका. जुन्या अ‍ॅम्बॅसिडर-फियाटला खरा जुन्या पद्धतीचा डायनॅमो नि कटआउट होता (आता आपण डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर), डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट होते, तेव्हा ते चालून जायचं. २००५ ची पेट्रोल गाडी म्हणजे इंजेक्शनची, ईसीयूवाली (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). चालू इंजिनवर बॅटरी काढली की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणात भलतंच वर उडी मारतं, कारण ते दाबून धरणारी बॅटरीच तिथं राहत नाही. ईसीयू, डायनॅमोतले डायोड, म्युझिक सिस्टीम, काहीही जाऊ शकतं. चांगला डायनॅमो या टेस्टमुळं जायचा.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
आमच्या टेम्पोवर आजपर्यंत काही झालेलं नाही.

तारजोड
टेम्पो जुना डिझेल आहे ना, मेकॅनिकल पंपवाला? त्याच्यात उडायला ईसीयूच नाही मालक. तरी व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नि डायोड तुमच्याही डायनॅमोत आहेत, त्यामुळं तिथंही मी करणार नाही.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
हां मग बरोबर. पेट्रोल इंजेक्शनला नका करू ताई, माझा सल्ला मागं घेतो.

जुळे_सोलापूरकर
बॅटरी आणि डायनॅमोचा घोळ आमच्या घरी मी असा सांगतो: बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, डायनॅमो म्हणजे नळ. नळाला पाणी नसलं तर टाकी नवीन बसवून उपयोग काय, दुपारपर्यंत संपणारच. सोलापूरकरांना हे जास्त समजवायला लागत नाही 😄

बाळीवेस_१९
आणि टाकीला येणारी पाइप कुठं तुंबली असेल तर? नळही चांगला, टाकीही चांगली.

निवृत्त_वायरमन
बाळीवेसवाल्यांनी अगदी माझ्या मनातलं बोलून दाखवलं. आकडे येऊ द्या, मग बोलू.

होटगीरोडची_ताई
काका, आत्ता मोजले.
सकाळी गाडी उभी असताना १२.२
इंजिन चालू, काही न लावता १३.४
हेडलाइट आणि ब्लोअर फुल १२.३
चावी ऑन, इंजिन बंद असताना दिवा एकदम ठळक लाल.
ब्लोअर फुल केल्यावर हेडलाइट थोडा पिवळट होतो हेही आज पहिल्यांदा लक्षात आलं.

डिझेलदादा
१२.३ म्हणजे चार्जिंग होतच नाही ना ओ, डायनॅमो संपला. चालू गाडीवर १३.८ ते १४.५ पाहिजेच. कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजले असतील. कार्बनचा सेट काही शे रुपयांत येतो, सगळा डायनॅमो बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका, चांगल्या वायरमनकडून उघडून घ्या.

निवृत्त_वायरमन
कार्बन असू शकतात, डायोडही असू शकतो, पण बॅटरीवर १२.३ दिसतं म्हणून डायनॅमोही १२.३ च देतोय असं नाही. म्हणून ताई आता दुसरा टप्पा. डायनॅमोच्या मागं एक जाड वायर नटानं बसवलेली असते, तीच बॅटरीच्या प्लसकडं जाते, त्याला बी प्लस म्हणतात. इंजिन चालू, हेडलाइट नि ब्लोअर लावलेले, मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरा आणि लाल पिन त्या नटाला लावा. मग लाल पिन नटावरच ठेवून काळी बॅटरीच्या प्लसवर आणा. ही दुसरी मोजणी म्हणजे फक्त त्या वायरीत किती व्होल्ट वाया चाललेत ते. ०.२, फार तर ०.३ पर्यंत चालतं. तसंच डायनॅमोच्या अंगावर एक पिन आणि बॅटरीच्या मायनसवर एक, हे अर्थिंगचं. तेही ०.२ च्या आत पाहिजे.

मोजताना ओढणी, केस बांधून घ्या, पट्ट्यापासून हात लांब. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो कधीही आपोआप सुरू होतो. आणि त्या नटाला पाना अजिबात लावू नका, इंजिन बंद असलं तरी तिथं बॅटरीची वीज असतेच, पाना बॉडीला टेकला की ठिणगी.

पार्कचौक_कट्टा
काका तुम्ही क्लास काढा की, आम्ही सगळे येतो.

विजापूररोड_वाहनप्रेमी
मध्येच विचारतो, माझ्याकडं जुनी डिझेल जीप आहे, तिचा बॅटरीचा दिवा लागला आणि थोड्या वेळात ब्रेक एकदम कडक झाला. दोघांचा काही संबंध आहे का? गॅरेजवाल्यानं दोन वेगवेगळी बिलं लावायची तयारी केलीय.

डिझेलदादा
संबंध आहे भाऊ, आणि फार जवळचा आहे. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्यांत तो डायनॅमोच्याच मागं, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. पट्टा तुटला किंवा घसरला की चार्जिंगही गेलं आणि ब्रेकची मदतही गेली. ब्रेक लागतो, पण पायात सगळा जीव आणावा लागतो. तुळजापूरच्या घाटात असं झालं तर काय होईल विचार करा. डिझेलला हा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन आधी पट्टा बघायचा. तुमचं एकच बिल आहे बहुतेक.

विजापूररोड_वाहनप्रेमी
खूप आभार दादा, पट्टा बघितला, अर्धा फाटलाय. ओढून आणतो गॅरेजला, चालवत नाही.

पूर्वभाग_लूमवाला
बॅटरीबद्दल एक सांगायचं होतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४२-४३ पर्यंत पारा जातो, बॉनेटच्या खाली त्याहून कितीतरी जास्त. लोकांना वाटतं थंडीत बॅटरी मरते, पण ती मरते उन्हाळ्यातच, थंडीत फक्त उघडकीला येते. पाणी टाकायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला झाकणं उघडून बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गीझरला विचारा, ते बॅटरीत टाकलं की प्लेटांची वाट लागली.

तारजोड
उन्हावरून आठवलं. रेग्युलेटर स्वतः तापला की व्होल्टेज थोडं कमी करतो, बॅटरी उकळू नये म्हणून ती सोयच असते. त्यामुळं मे महिन्यात तासभर चालवून आल्यावर १३.६ दिसलं तर घाबरू नका. पण १५ च्या वर कधीही दिसलं तर रेग्युलेटर गेला म्हणा, बॅटरी उकळते, आंबट वास येतो, बल्ब पटापट जातात. तीही तितकीच वाईट गोष्ट आहे आणि त्यात कित्येक गाड्यांचा दिवा लागतसुद्धा नाही.

होटगीरोडची_ताई
काका, भावाला रेस द्यायला बसवलं आणि मोजलं.
डायनॅमोच्या नटापासून बॅटरी मायनस: १४.४
नटापासून बॅटरी प्लस: २.१
डायनॅमोची बॉडी ते बॅटरी मायनस: ०.०८
सगळं हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच.

बाळीवेस_१९
२.१!! पाइप तुंबली.

निवृत्त_वायरमन
शाब्बास ताई. आता चित्र स्वच्छ झालं. तुमचा डायनॅमो लोडवरसुद्धा १४.४ देतोय, त्याला हात लावायचं काम नाही. अर्थिंग उत्तम. १४.४ मधले २.१ व्होल्ट वाटेतच वाया जाऊन बॅटरीपर्यंत १२.३ पोचतायत. दिवा पण त्यामुळंच: डायनॅमोकडच्या टोकाला १४.४ च्या आसपास आणि चावीकडच्या टोकाला बॅटरीचे १२.३, तो दोन व्होल्टचा फरक बल्बला मंद पेटवतो. लोड वाढला की वायरीतून जास्त करंट, म्हणून जास्त तोटा, म्हणून दिवा जास्त.

आता हा तोटा नेमका कुठं आहे ते बघा. त्या वायरीचा नटाकडचा थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), मध्ये फ्युजिबल लिंक किंवा मोठा फ्यूज असतो त्याची दोन्ही टोकं, आणि बॅटरीच्या प्लसचा क्लॅम्प. तसंच मीटर ठेवून एकेक तुकडा मोजत पुढं सरका, जिथं आकडा उडी मारेल तिथं दोष. दोन व्होल्ट गुणिले पंचवीस अँपिअर धरले तरी पन्नास वॅट उष्णता एका सांध्यात तयार होतेय, तिथलं प्लास्टिक काळं किंवा कडक झालेलं दिसायलाच पाहिजे. म्हणून हे उशिरावर टाकू नका, आग लागायची भीती यातच असते.

डिझेलदादा
काका बरोबर आहेत, मी कार्बनवर गेलो होतो पण नटावर १४.४ आहे म्हटल्यावर कार्बनचा विषय संपला.

जुळे_सोलापूरकर
एवढ्यात एक नवी बॅटरी बसलीही नि डायनॅमोही जवळजवळ गेलाच होता. मोजायला पाच मिनिटं लागली असती त्या दुकानात. मला राग याचा येतो की ग्राहकाच्या समोर मीटर लावून दाखवत नाहीत. सात रस्त्याकडं एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, ते आधी मीटर हातात देतात आणि तुम्हीच वाचा म्हणतात. तसे पाहिजेत.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड
ताई सांधा सापडला की नुसता पॉलिश पेपर मारून परत आवळू नका, थोडे दिवस बरं वाटतं नि परत येतं. काळी पडलेली तार मागं चमकदार तांबं लागेपर्यंत कापायची, नवीन तांब्याचा थिंबल क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबून घ्यायचा, हातोडीनं ठोकून नाही. हे आमचं रोजचं काम आहे, यात मी खात्रीनं सांगतो. फ्यूज मूळचा जेवढ्या अँपिअरचा तेवढाच, तार जोडून डायरेक्ट करू देऊ नका कुणाला.

पंढरीची_वाट
मूळ प्रश्नावर कुणीच बोललं नाही, ताईंना पंढरपूरला जायचंय. दिवा असताना जावं का?

तारजोड
दुरुस्ती न करता रात्रीचं जाऊ नये. हिशोब करा, दोन हेडलाइट ५५ वॅटचे म्हणजे नऊ अँपिअर, वर इग्निशन, पेट्रोल पंप, मागचे दिवे. चार्जिंग पूर्ण गेलं आणि ३५ अँपिअर-तासाची पूर्ण भरलेली बॅटरी असली तरी कागदावर दोन तास, प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी दिवे पिवळे होऊन इंजिन अडखळणार. ताईंची बॅटरी सकाळी १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली आहे.

वाटेत कधी दिवा पूर्ण लागला तर पहिली नजर टेंपरेचरच्या काट्यावर. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो, काटा वर चालला असेल तर लगेच थांबा, एक किलोमीटरही पुढं नको. काटा जागेवर असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करा, इंजिन बंद करू नका कारण परत सेल्फ मारायला बॅटरी पुरणार नाही, आणि मोहोळसारखं जवळचं वस्तीचं ठिकाण गाठा. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर तेही जड होऊ शकतं.

पंढरीची_वाट
हे सगळ्यांनी लिहून गाडीत ठेवावं असं आहे. वारीच्या दिवसांत त्या रस्त्याला गाडी बंद पडली तर मागं किती लोक अडकतात ते आम्ही दर आषाढीला बघतो.

होटगीरोडची_ताई
सापडलं! काका म्हणाले तसं तुकड्या-तुकड्यानं मोजत गेले. नट ते थिंबल काही नाही, आणि मोठ्या फ्यूजच्या डब्यात एका बाजूला मीटर एकदम १.९ वर गेलं. डबा उघडला तर त्या बाजूचा स्क्रू ढिला, थिंबल निळा-काळा पडलेला आणि डब्याचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. भावाला फोटो दाखवला तर तो गप्पच झाला.

जुन्या पुणे नाक्याजवळच्या एका वायरमनकडं गेले, त्यांना आकडे सांगितले. त्यांनी आधी बॅटरीचा मायनस काढला, मग तार मागं कापून नवा थिंबल, नवा फ्यूज होल्डर, फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा. आता लोडवर बॅटरीवर १४.१ आणि वायरीतला तोटा ०.१५. रात्री होटगी रोडवर फिरवून आणली, दिवा पूर्ण बंद, हेडलाइट पांढरे. आई शेजारी बसली होती, तिला दिव्यापेक्षा उजेड जास्त आवडला.

निवृत्त_वायरमन
फार आनंद झाला ताई. आता एकच करा, बॅटरी इतके दिवस अर्धीच भरत होती, तिला बाहेरच्या चार्जरवर रात्रभर सावकाश चार्ज करून घ्या. सगळा भार डायनॅमोवर टाकू नका. मग रात्रभर उभी करून सकाळी १२.६ च्या आसपास दिसली तर बॅटरी वाचली. आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात नाही ना तेही बघून ठेवा. पंढरपूरला निर्धास्त जा, विठ्ठलाला आमचाही नमस्कार सांगा.

होटगीरोडची_ताई
नक्की सांगते काका. चार्जिंगला आजच लावते.

बाळे_बायपास
उशिरा आलो, धागा पूर्ण वाचला, माझा प्रश्न उलटा आहे. माझा बॅटरीचा दिवा चावी ऑन केली तरी पेटतच नाही, आणि गाडी चालू केल्यावर जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, रेस दिली की १४.२. डॅशबोर्डचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले त्यानंतर हे सुरू झालंय.

तारजोड
तुमचं उत्तर काकांच्या पहिल्या प्रतिसादातच आहे. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनंच रोटर जागा होतो. एलईडी त्याच्या मानानं फार कमी करंट जाऊ देते, शिवाय तिला उलटं-सुलटं असतं, उलटी बसली की करंटच नाही आणि दिवाही नाही. जोरात रेस दिली की रोटरमधल्या उरलेल्या चुंबकत्वावर डायनॅमो कसाबसा उठतो. बाकी सगळे एलईडी ठेवा, त्या एका जागी मूळ वॅटचा साधा बल्ब परत बसवा.

बाळे_बायपास
जुने बल्ब डब्यात ठेवलेत अजून. संध्याकाळी बसवून सांगतो.

बाळे_बायपास
बसवला. चावी ऑन केली की ठळक लाल, स्टार्ट केली की लगेच विझतो, नुसत्या आयडलवर १४.१. धन्यवाद तारजोड, धन्यवाद काका.